पोपची फर्माने, पाच हजार नऊशे युरोंना

पोपच्या जुन्या फर्मानांच्या हुबेहूब प्रतिकृती काढाव्यात का, हा विषय निघाला की दोन तट पडतात आणि दोघेही भलत्याच जागी भांडत बसतात. एक तट म्हणतो, आज कुठल्याही कागदाचा उत्तम फोटो इंटरनेटवर टाकता येतो. मग चर्मपत्रासारखा दिसणारा कागद, शिक्क्यांच्या नकला आणि चामड्याची पेटी हा श्रीमंती शौक कशासाठी? दुसरा तट म्हणतो, शतकानुशतके कुलपात पडलेला ठेवा जगापुढे येतो आहे, तर आधी आभार माना. पहिल्याला प्रतिकृती ही चीजच थिल्लर वाटते आणि दुसऱ्याच्या लेखी किंमत हा बोलण्याचा विषयच नाही. माझे म्हणणे पहिल्यांदाच सांगून टाकतो. प्रतिकृती हवी, फोटोने ते काम पुरते होत नाही. पण मोजक्या प्रती काढायच्या, त्यांना क्रमांक घालायचे आणि लाखांच्या भावाने संग्राहकांना विकायच्या, ही आजची रीत प्रतिकृतीच्या हेतूवरच पाणी ओतते.

उदाहरण ठळक आहे. व्हॅटिकनच्या दप्तरखान्याने २००७च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्क्रिनियम’ या इटालियन प्रकाशनसंस्थेबरोबर टेम्पलर पंथावरच्या खटल्याची कागदपत्रे प्रतिकृतीरूपात काढली. टेम्पलर म्हणजे क्रुसेडच्या काळात जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी उभा राहिलेला लढवय्या संन्याशांचा पंथ. पुढे हा पंथ गडगंज झाला आणि फ्रान्सच्या राजाच्या डोळ्यांत खुपू लागला. मूळ आकारातली चर्मपत्रे, चौकशी करणाऱ्या तीन कार्डिनलांच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या, शिक्क्यांच्या नकला, चामड्याचे वेष्टन. प्रती ७९९, किंमत ५,९०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन लाख रुपयांच्या वर. आठशेवी प्रत पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्यासाठी. त्यातला मुख्य ऐवज शिनोंचे चर्मपत्र. १३०८च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या शिनोंच्या किल्ल्यात पंथप्रमुख जाक द मोले आणि त्याच्या सहकाऱ्यांची जबानी झाली, त्याचा हा दस्त. तो दप्तरखान्यातच होता, पण चुकीच्या नोंदीखाली. बार्बरा फ्राले या इटालियन संशोधिकेच्या तो २००१ साली लक्षात आला.

मग काय, जगभर मथळे झळकले: सातशे वर्षांचे गुपित फुटले, टेम्पलर निर्दोष होते! यातले दुसरे विधान चूक आणि पहिले निम्मे चूक. त्या दस्तात या लोकांनी काही आरोप कबूल केले, पाखंड सोडल्याची शपथ घेतली, क्षमा मागितली आणि कार्डिनलांनी पोपच्या वतीने त्यांना पापमुक्ती देऊन पुन्हा चर्चच्या छायेत घेतले. पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा करणे वेगळे आणि गुन्हा घडलाच नाही असा निवाडा देणे वेगळे. पुढे १३१२ साली पोप पाचव्या क्लेमेंटने पंथ मोडीत काढला तोही दोषी न ठरवता, नुसत्या अधिकाराच्या जोरावर; आणि १३१४च्या मार्चमध्ये मोलेला पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले. गुपिताचे म्हणाल तर याच चौकशीचा, कार्डिनलांनी फ्रान्सच्या राजाला कळवलेला वृत्तान्त एत्येन बालूझ या विद्वानाने १६९३ साली छापला होता. शिवाय खुद्द फ्राले यांनी शिनोंच्या चर्मपत्रावरचा आपला अभ्यास २००४ सालीच एका इतिहासविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला होता.

हा शेवटचा तपशील पहिल्या तटाला फार सोयीचा आहे आणि त्याची ताकद मान्य केलीच पाहिजे. अभ्यासकांच्या हाती मजकूर तीन वर्षे आधी आला असेल, तर ५,९०० युरोंनी ज्ञानात कोणती भर पडली? इतिहासही त्यांच्या बाजूने साक्ष देतो. पोपच्या सत्तेचा पाया म्हणून शतकानुशतके मिरवलेली सम्राट कॉन्स्टंटाइनची दानपत्रिका खोटी आहे, हे लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० साली दाखवले ते काही शिक्का भिंगाखाली धरून नव्हे. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या तोंडी शोभणार नाही असे लॅटिन त्यांनी पकडले, दरबाऱ्यांना दिलेली भलतीच पदनामे पकडली, आणि एवढ्यावर ती सनद कोसळली. जगातला सर्वांत गाजलेला बनावट दस्त नुसत्या मजकुरावरून उघडा पडला असेल, तर शिसे, दोरा आणि चामडे यांचे एवढे कौतुक कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण वाल्ला यांच्या वाट्याला आलेला बनाव ढोबळ होता. नकली कागद करणारे सगळेच इतके बेसावध नसतात. ११९८ साली गादीवर आलेल्या तिसऱ्या इनोसंट पोपला आपल्याच नावाच्या खोट्या पत्रांनी बेजार केले, तेव्हा त्याने ती ओळखण्याच्या खुणा लिहून कळवल्या. खऱ्या पत्राची मुद्रा काढून खोट्या पत्राला लावलेली असते. दोरा तोडून नवा ओवलेला असतो. खऱ्या पत्रातले दोनचार शब्द खरवडून त्या जागी दुसरे घातलेले असतात. यात मजकूर शंभर टक्के बिनचूक लॅटिनमध्ये असू शकतो. चोरी सापडते ती दोऱ्यात आणि कातड्याच्या पोतात.

तो दोरा जरा जवळून बघा. पोपच्या फर्मानाला खाली शिशाची मुद्रा लटकते. तिच्या एका अंगाला पोपचे नाव, दुसऱ्या अंगाला संत पीटर आणि संत पॉल यांचे चेहरे; पॉलची दाढी लांब टोकदार, पीटरची ठिपक्याठिपक्यांची, आणि कडेने टिंबांची माळ. खोटी मुद्रा पाडणाऱ्याची गफलत व्हायची ती नेमकी या टिंबांच्या मोजणीत. चर्मपत्राची खालची कड वर दुमडलेली असते आणि दोरा त्या दोन थरांतून ओवलेला असतो, शिशाच्या वजनाने कातडे फाटू नये म्हणून. एखादा हक्क किंवा सवलत बहाल करणाऱ्या पत्राला लाल-पिवळे रेशीम. हुकूम सोडणाऱ्या, चौकशी लावणाऱ्या पत्राला साधी सुतळी. म्हणजे लॅटिनचे एक अक्षरही न येणाऱ्या माणसाला हातात पत्र पडताच कळावे, हे देणे आहे की फर्मावणे. दुमडीवर लेखनिकाचे नाव असते. पाठीमागे मोठे ‘आर’ अक्षर असेल तर पत्र नोंदवहीत चढले. आता सांगा, छापील मजकुरात यातले काय उरते? आपल्याकडच्या जुन्या पत्रसंग्रहांची हीच गत आहे. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावरची मुद्रा आणि शेवटचे ‘मर्यादेयं विराजते’ छापील पानावर पुष्कळदा कंसातल्या ‘शिक्का’ या दोन अक्षरांवर आटोपते.

फोटोत हे दिसते की, असे म्हणाल. दिसते, पण अर्धेमुर्धे. पडद्यावर तळहाताएवढे पत्र आणि सत्तर सेंटिमीटर रुंदीचे चर्मपत्र सारख्याच आकाराचे होते. दुमडी मिटलेलीच राहते. पाठीचा फोटो काढायचे कित्येकांना सुचत नाही, कारण ‘मागे काही लिहिलेले नाही’. कागदपत्रांची पारख करण्याचे शास्त्रच मुळी प्रतिकृतींवर वाढले आहे. सेंट-डेनिसच्या मठाच्या जुन्या सनदा बनावट आहेत, असा संशय एका जेझुइट पंडिताने १६७५ साली घेतला. त्याला उत्तर म्हणून बेनेडिक्टाइन संन्यासी जाँ माबियों यांनी १६८१ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात जुन्या सनदांच्या अक्षरांचे नमुने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापले. वाचकाने आपल्या शब्दावर विसंबू नये, वळण स्वतः ताडून पाहावे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे ताम्रपटांचे ठसे घेऊन ते वाचनासोबत छापण्याचा जो शिरस्ता पडला, त्याचे कुळ हेच. ठसा दिला म्हणून तर दुसऱ्या विद्वानाला पहिल्याचे वाचन खोडता आले.

मूळ दस्त मर्त्य असतात, हेही विसरू नये. १८१० साली नेपोलियनने व्हॅटिकनचा दप्तरखाना गाड्यांवर घालून पॅरिसला नेला. त्याच्या पाडावानंतर सगळे परत आणायचे तर वाहतुकीचा खर्च परवडेना, म्हणून पोपच्याच माणसांनी ढिगांनी कागद पॅरिसमध्ये रद्दीत काढले. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, खटल्यांची बाडेच्या बाडे लगद्यात गेली. गॅलिलिओच्या खटल्याची फाइल रोमला परतायला १८४३ साल उजाडले. दप्तरखाना जाळायला शत्रूच लागतो असे नाही, भाड्याचा हिशोबही पुरतो.

तेव्हा प्रतिकृती हवी. आता तिच्या किमतीकडे वळू.

किमतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा नाही. जुन्या दस्ताला धक्का न लावता छायाचित्रण, कागदाचे पोत जुळवणे, डाग आणि भोके जिथल्या तिथे आणणे, शिक्के एकेक करून ओतणे हे हाताचे काम आहे आणि ते स्वस्तात होत नाही. आठव्या हेन्रीच्या घटस्फोटासाठी इंग्लंडच्या सरदारांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी १३ जुलै १५३० रोजी पोप सातव्या क्लेमेंटला धाडलेला अर्ज घ्या. हा पोपने लिहिलेला नव्हे, पोपला लिहिलेला. त्याला लाल फितींवर लाखेचे ८१ शिक्के लोंबतात. त्याची प्रतिकृती २००९ साली निघाली. प्रती दोनशेच्या आत, किंमत सुमारे ५० हजार युरो. एवढे शिक्के हुबेहूब बनवायला कारागिराचे किती तास लागले असतील, याचा अंदाज कोणीही करावा. शिवाय अशा विक्रीतून दप्तरखान्याच्या हाती चार पैसे येतात. ८५ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवरचे कागद वाळवी, बुरशी आणि ओल यांपासून जपायचे तर ते पैसे लागतातच. श्रीमंताने हौस करावी आणि त्यातून जुना कागद वाचावा, यात कोणाचे काय बिघडले?

काहीच नाही, जर गोष्ट तिथेच थांबत असेल. पण ७९९ हा आकडा कारागिरीने ठरवलेला नाही. एकदा चित्रे तयार झाली, साचे तयार झाले, की आठशेवी आणि आठ हजारावी प्रत काढायला तंत्राची आडकाठी नसते. आकडा बाजाराने ठरवलेला असतो, कारण विकायची वस्तू दस्त नसून दुर्मिळता असते. मूळ कागद एकच आहे हे त्या कागदाचे नशीब. प्रतिकृतीवर ते नशीब मुद्दाम लादणे हा कसला न्याय? वर टेम्पलर प्रकरणात काय झाले ते पाहा. मजकूर विद्वानांना मिळाला, रूप धनिकांना मिळाले आणि बाकी जगाला मिळाला मथळा. तो मथळा चुकीचा निघाला हा योगायोग मानायला मी तयार नाही. रूप आणि वाचन एकाच माणसाच्या हाती एकत्र न पडण्याचा तो परिणाम आहे.

यावर सर्वांत नामी उत्तर खुद्द एका पोपने देऊन ठेवले आहे. सहाव्या अलेक्झांडरचे ४ मे १४९३चे ‘इंतेर चेतेरा’ हे फर्मान, ज्याने अझोर आणि केप वर्दे बेटांच्या पश्चिमेचा मुलूख स्पेनच्या राजाराणीला बहाल केला. त्याच्या शेवटी एक कलम आहे. हे पत्र जिथे जिथे लागेल तिथे तिथे नेणे अवघड आहे. म्हणून सार्वजनिक नोटरीने सही केलेल्या आणि एखाद्या धर्माधिकाऱ्याचा शिक्का असलेल्या नकलांना न्यायालयात आणि बाहेर मूळ पत्राइतकाच मान द्यावा, असा त्याचा आशय. आणि मूळ तरी रोममध्ये कुठे आहे? ते स्पेनकडे गेले. व्हॅटिकनच्या नोंदवहीत राहिली ती नक्कलच. पोपच्या कचेरीचा कारभार असाच चाले: मूळ ज्याचे त्याला धाडायचे, आपल्यापाशी नक्कल ठेवायची. या फर्मानांनी जगात जो उत्पात केला तो नकलांनी केला. अमेरिकेचे किनारे वाटून घेताना नकला मुबलक होत्या आणि त्याच पत्रांची झाडाझडती घ्यायची वेळ आली की त्या पेटीबंद आणि क्रमांकित, याला काय म्हणावे?

इथे तिसरा आवाज येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. ज्या पत्रांनी माणसांची गुलामी मंजूर केली, त्यांच्या देखण्या प्रती काढणे हाच त्यांचा गौरव नाही का? पाचव्या निकोलसच्या १४५५च्या ‘रोमानुस पोंटिफेक्स’मध्ये पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर बिगरख्रिस्ती लोकांना कायमच्या दास्यात टाकण्याचा अधिकार मान्य केला आहे. असला कागद रेशमी दोऱ्यासकट दिवाणखान्याच्या भिंतीवर लावणाऱ्याबद्दल मलाही आदर वाटत नाही. पण आक्षेप भिंतीला आहे की प्रतीला? १९९७च्या ऑक्टोबरमध्ये होनोलुलूत हवाईच्या मूळनिवासी कार्यकर्त्यांनी १४९३च्या फर्मानाच्या प्रती जाळल्या. विटेनबर्गमध्ये ल्यूथरने १५२० साली जाळली ती त्याच्याविरुद्धच्या फर्मानाची छापील प्रत. महाडला १९२७ साली मनुस्मृती जाळली गेली तीही प्रतच. धिक्कारासाठीसुद्धा कागद हातात असावा लागतो.

धिक्काराच्या अलीकडे वाचनाचे काम आहे, आणि ते जास्त निकडीचे आहे. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी निवेदन काढून ‘शोधाच्या सिद्धान्ता’चा, म्हणजे शोधणाऱ्याची जमीन या दंडकाचा, इन्कार केला. फर्मानांनी मूळनिवाशांची समान प्रतिष्ठा पुरेशी मानली नाही, हे त्यांनी कबूल केले. पण वसाहतवादी सत्तांनी राजकीय हेतूने त्या मजकुराचा विपर्यास केला, असेही म्हटले. विपर्यास किती आणि मजकुरातच किती होते, हे ठरवणार कसे? हा काही पंडिती खेळ नव्हे. याच दंडकावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ साली मूळनिवाशांचा जमिनीवरचा हक्क तोकडा केला आणि २००५ सालच्या एका निकालातही त्याचा हवाला दिला. ज्याला शंका आहे त्याच्यापुढे रेशमी दोऱ्याची, म्हणजे ‘देण्या’ची, ती सनद भाषांतरासह ठेवा. विपर्यासाचा दावा तिथेच तपासला जाईल.

आणि हा प्रश्न अटलांटिकपलीकडचाच आहे असे कोणी समजू नये. ‘रोमानुस पोंटिफेक्स’ आणि त्यामागून आलेल्या सनदांवर पोर्तुगालचा ‘पाद्रोआदो’ उभा राहिला, म्हणजे पूर्वेकडे बिशप सुचवण्याचा आणि चर्च चालवण्याचा राजाचा हक्क. १५३४ साली गोव्याचा धर्मप्रांत निघाला तोही पोपच्याच पत्राने. १८३८ साली सोळाव्या ग्रेगरीने ‘मुल्ता प्रेक्लारे’ काढून ब्रिटिश मुलखातला हा हक्क बव्हंशी काढून घेतला, तेव्हा मुंबईतल्या आणि गोव्याच्या बाजूच्या अनेक पाद्र्यांनी ते मानायलाच नकार दिला. पोर्तुगालच्या राजाची मान्यता नसलेले पत्र आम्हांला लागू नाही, आणि ते अस्सल तरी कशावरून, असा त्यांचा पवित्रा. मुंबईत एकाच वस्तीत दोन वेगवेगळ्या बिशपांना मानणारी चर्च उभी राहिली, आणि हे दुहेरी राज्य १९२८च्या करारापर्यंत मिटले नाही. म्हणजे पोपचे पत्र खरे की खोटे, यावरून आपल्या माहीम-दादरकडच्या माणसांनी आपले चर्च निवडले आहे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी किती जणांनी त्यातला एक तरी कागद नुसता पाहिला असेल?

तो पाहता यावा यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो दप्तरखान्यात पाद्रोआदोच्या मूळ सनदा आहेत आणि त्या संस्थेने आपल्या पुष्कळ कागदांचे फोटो खुले केले आहेत. त्यावरून मूळ मापात, दोन्ही अंगांनी छापलेला जाड कागद, खाली खरी दुमडी, खरा दोरा आणि साच्यातून काढलेली मुद्रा. चामड्याची पेटी नको, क्रमांकही नको. मागे ठळक अक्षरांत ‘प्रतिकृती’ असे छापा, म्हणजे कोणी ती जुन्या बाजारात अस्सल म्हणून खपवणार नाही. सोबत लॅटिन मजकूर आणि मराठी-कोकणी भाषांतर. पहिल्या संचात मी तीन पत्रे घेईन: १४५५चे, १८३८चे आणि मधले १६२३चे, ज्यात पंधराव्या ग्रेगरीने दक्षिणेत धर्मप्रसार करणाऱ्या रॉबर्ट द नोबिली या जेझुइट पाद्र्याच्या बाजूने कौल देऊन धर्मांतरित ब्राह्मणांना जानवे, शेंडी आणि गंध काही अटींवर ठेवू दिले. तिसऱ्यावर आपल्याकडे घरोघर वाद होतील, आणि व्हावेत.

लॅटिन वाचणारे आणायचे कुठून, ही अडचण खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. तेराव्या लिओने १८९३ साली कँडीला काढलेली पेपल सेमिनरी १९५५पासून पुण्यात आहे. गोव्यात रायतूरची सेमिनरी आहे. या संस्थांच्या परिसरात लॅटिन जाणणारी माणसे आजही भेटतील, आणि त्यांच्या शेजारी मोडी-मराठी दस्त वाचणारा एखादा बसवला तर दुमडी, शिक्का, दोरा यांच्यावरचे प्रश्न दोघेही एकमेकांना विचारतील. पैसा कोणी घालायचा, चर्चने, सरकारने की विद्यापीठाने, यावर जरूर भांडावे. फक्त ज्याने घातला त्याने प्रतींवर मर्यादा घालायची नाही, एवढी अट आधी कागदावर लिहून घ्यावी.